प्रकल्पवहीचं शेवटचं पान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्राथमिक शाळेत जाणारं मूल ज्या घरात आहे, तिथं प्रकल्पाची एखादी वही चाळायला मिळतेच. तिचा साचा ठरलेला असतो. पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक आणि भोवती वेलबुट्टी. मग ऋणनिर्देश, प्रस्तावना, उद्दिष्टं. मधल्या पानांवर चिकटवलेली चित्रं. आणि सगळ्यांत शेवटी एक पान, ‘या प्रकल्पातून मला काय समजले’. तिसरी-चौथीतल्या मुलानं ऋणनिर्देश लिहावा ही कल्पनाच मोठी गमतीची आहे. ‘सदर प्रकल्प पूर्ण करताना ज्यांचे मोलाचे सहकार्य लाभले’ असली वाक्यं नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी घालणारी माणसं म्हणजे आपणच मोठे लोक. पण ते असो. मला आज बोलायचं आहे ते त्या शेवटच्या पानाबद्दल.

वहीतली बाकीची पानं कोणीही भरू शकतं. आई भरते, दादा भरतो, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला भरून देतो, आणि आता तर मोबाइलला विषय सांगितला की प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळं तो लिहून देतो. शेवटचं पान मात्र त्या मुलाखेरीज कुणालाच लिहिता येत नाही. त्याला काय समजलं हे दुसऱ्याला कसं ठाऊक असणार? आणि नेमकं तेच पान बहुतेक वह्यांमध्ये सगळ्यांत पोकळ असतं. ‘या प्रकल्पामुळे माझ्या ज्ञानात भर पडली व मला खूप आनंद झाला.’ चाळीस मुलांच्या वर्गात हे वाक्य चाळीस वेळा सापडतं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, तेव्हा असे गठ्ठे तपासले आहेत, म्हणून सांगते.

हा प्रकल्प नावाचा पाहुणा आपल्या शाळेत आला कुठून, हे आधी थोडक्यात पाहू. अमेरिकेत शिकागो इथं जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये एक प्रयोगशाळा-शाळा काढली. मुलं तिथं स्वयंपाक करत, विणकाम करत, सुतारकाम करत आणि त्यातून गणित, इतिहास, विज्ञान शिकत. पुढे १९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’ या नावाचा निबंध लिहिला आणि हा शब्द जगभरच्या शिक्षकांच्या तोंडी बसला. किलपॅट्रिक यांचा भर एका गोष्टीवर होता. काम मुलानं मनापासून, स्वतःचा हेतू धरून केलेलं असावं. शिक्षकानं नेमून दिलेलं, मुलाला ज्यात काही रस नाही असं काम, मग ते हातानं केलेलं का असेना, त्यांच्या लेखी प्रकल्प ठरत नाही. ही अट लावून आजच्या वह्या तपासायच्या म्हटल्या तर किती वह्या उरतील, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

आपल्याकडे ही कल्पना निराळ्या वाटेनंही आली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा पुढे आला. सूत कातता कातता कापसाचा भूगोल शिकायचा, तारांचा हिशेब करायचा. याला त्या मंडळींनी ‘समवाय’ असा छान शब्द वापरला. ठाणे जिल्ह्यात (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथल्या वारली मुलांना गुरं राखायला जावं लागे, म्हणून शाळाच कुरणावर नेली. तीच कुरणशाळा. जे मूल जिथं आहे आणि जे काम करत आहे, तिथूनच शिकवायला सुरुवात करायची, असा त्यामागचा विचार होता. कोल्हापुरात १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मुलांच्या अनुभवाला अभ्यासक्रमात मानाचं पान दिलं. ही माणसं आपल्याच मातीतली आहेत. तेव्हा प्रकल्प हे परदेशी खूळ आहे, असं कुणी म्हणू नये.

मग सरकारी कागद आले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं सांगितलं की शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडा, घोकंपट्टी सोडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा उल्लेख आला. पाठोपाठ ऑगस्ट २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. आकारिक मूल्यमापनाची जी साधनं त्यात दिली, त्यांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्याबरोबर प्रकल्पही होता. पहिली-दुसरीला आकारिकसाठी शंभरातले ७० गुण, तिसरी-चौथीला ६०. हेतू चांगला होता, यात मला मुळीच शंका नाही. पण ज्या गोष्टीला गुण मिळतात तिचं आपल्याकडे काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळांच्या आसपासच्या दुकानांत तयार प्रकल्प विकायला लागले. ज्वालामुखी, सूर्यमाला, जलचक्र, पाहिजे ते घ्या. राज्यात २०१८ मध्ये थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तर पुठ्ठ्याचे आणि फोमचे आले. मालाचा प्रकार बदलला, धंदा तोच राहिला.

आता एक खराखुरा प्रकल्प घेऊ आणि त्यात मूल काय काय करतं ते पाहू. प्रकल्प साधा आहे. पाऊस मोजणं. घाटाच्या पायथ्याच्या एका लहान शाळेत आम्ही चौथीच्या मुलांबरोबर तो केला होता. साहित्य म्हणजे पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली. तिचा वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून बाटलीतच बसवायचा, म्हणजे नरसाळं तयार होतं. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाकून वरपर्यंत पाणी भरायचं, आणि जिथून बाटलीच्या भिंती सरळ होतात तिथं शून्याची खूण करायची. त्या खुणेपासून वर पट्टीचा कागद चिकटवायचा. झालं पर्जन्यमापक यंत्र. खर्च शून्य.

मोजायचं मिलिमीटरमध्ये. पाऊस लिटरमध्ये का मोजत नाहीत, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्याचं उत्तर असं, की पडलेलं पाणी कुठं वाहून गेलं नाही, मुरलं नाही, उडून गेलं नाही, तर जमिनीवर जितक्या उंचीचा थर साचेल तितका पाऊस. ही उंची लहान बाटलीत आणि मोठ्या पिंपात सारखीच येते, बाजू सरळ असल्या म्हणजे झालं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तो बरोबर एक लिटर भरतो. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते, आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनच्या २४ तासांची. आम्हीही तीच वेळ धरली. नाही तरी बाहेरगावची मुलं शाळेत लवकर येऊन बसतातच.

पाच गट केले. पहिल्याच दिवशी पाच गटांचे पाच आकडे फळ्यावर आले. २१, २०, २२, ८४ आणि ६.

अशा वेळी शिक्षकाच्या तोंडाशी उत्तर आलेलं असतं. ते गिळायचं. वर्गात जो गलका झाला तो व्हायलाच हवा होता. ८४ वाल्या गटाची छाती फुगली होती. ‘बाई, आमच्याकडे पाऊस जास्त पडला,’ असं त्यांचं म्हणणं. सहावाल्या गटाला रडू यायचं बाकी होतं. आता, एका शाळेच्या आवारात इकडे ८४ आणि तिकडे २० पडेल का? काही मुलं म्हणाली, पडेल, रस्त्याच्या या बाजूला पाऊस आणि त्या बाजूला ऊन असं आम्ही पाहिलंय. मुलांनी खरोखर पाहिलेलं असतं, म्हणून ते खोडून टाकता येत नाही. मग एका मुलीनं सुचवलं की बाटल्यांच्या जागा बदलू. दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. ८४ वाल्या बाटलीत पुन्हा बाकीच्यांच्या चौपट. म्हणजे दोष जागेचा नाही, बाटलीचा. आणि सहावाल्यांची बाटली मोकळ्यावर आणताच तिथं आकडा इतरांसारखा आला. म्हणजे तिथं दोष बाटलीचा नव्हता, जागेचा होता. ती पारावर वडाखाली ठेवली होती. वडानं पाऊस अडवला होता.

चौपटीचं कोडं मात्र चार दिवस टिकलं. त्या गटाला बाटली नीट कापता आली नव्हती, म्हणून घरातलं रॉकेलचं जुनं नरसाळं त्यांनी बाटलीवर बसवलं होतं. बाटलीचा व्यास आठ सेंटीमीटर, नरसाळ्याच्या तोंडाचा सोळा. दुप्पट. मुलांचा तर्क असा की दुप्पट तोंड तर दुप्पट पाऊस यायला हवा, हा चौपट कसा? चौथीच्या मुलाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र सांगण्यात काही अर्थ नसतो. आम्ही एक सेंटीमीटरच्या चौकटींचा कागद घेतला, त्यावर नरसाळं उपडं ठेवून गोल काढला, बाटली ठेवून दुसरा गोल काढला आणि आतल्या चौकटी मोजल्या. अर्ध्यामुर्ध्या चौकटींवरून पुष्कळ भांडणं झाली, अर्ध्या दोन मिळून एक धरायची असं ठरलं. मोठ्या गोलात सुमारे २००, लहान गोलात सुमारे ५०. चौपट! रुंदी दुप्पट झाली की जागा चौपट होते, हे त्या दिवशी वर्गाला जे कळलं ते पुढे आठवीत सूत्र आलं तरी विसरणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

त्या गटातल्या एका मुलानं शेवटच्या पानावर लिहिलं, ‘आमचा पाऊस जास्त नव्हता. आमचं तोंड मोठं होतं.’

वर्ग खूप हसला. तोही हसला. पण या दोन छोट्या वाक्यांत काय आहे ते पाहा. आधी त्याला काय वाटत होतं ते आहे, आता काय वाटतं ते आहे आणि का बदललं ते आहे. ‘ज्ञानात भर पडली’ या वाक्यात यातलं काहीच नसतं. भर कशाची पडली, कुठं पडली, आधी तिथं काय होतं, काही पत्ता नाही.

मुलं प्रकल्पाबद्दल जे बोलतात किंवा लिहितात त्यात सर्वसाधारणपणे तीन तऱ्हा दिसतात. एक तऱ्हा आपल्याला खूश करण्याची. मजा आली, आवडलं, खूप शिकलो. दुसरी तऱ्हा हकिकतीची. आधी बाटली आणली, मग कापली, मग खडे टाकले. ही दुसरी तऱ्हा वाईट नाही, क्रम लावून सांगता येणं हेही लहान मुलाला मोठंच काम आहे. तिसरी तऱ्हा ‘आधी मला वाटायचं’ अशी सुरू होते. ती आपोआप येत नाही. ती विचारून काढावी लागते आणि विचारण्यात थोडं कसब लागतं. ‘काय शिकलास?’ असं विचारलं की मूल पाठ्यपुस्तकातलं वाक्य शोधायला लागतं. ‘सुरुवातीला तुला काय वाटलं होतं?’, ‘कुठं अडलं?’, ‘पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील?’ असं विचारलं की ते थबकतं, वर आढ्याकडे बघतं आणि मग काहीतरी स्वतःचं बोलतं. हे थबकणं फार मोलाचं. तेवढा वेळ आपण गप्प बसायचं. आपल्या लोकांना हे सगळ्यांत जड जातं.

याला शास्त्रीय बाजूही आहे. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे ओळखणं ही बुद्धीची एक निराळी करामत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात तिचा पाठपुरावा केला आणि तिला नाव दिलं. आपण त्याला विचारांवरचा विचार म्हणू. १९७० मधल्या त्यांच्या एका प्रयोगात मुलांना चित्रांची मालिका पाहून लक्षात ठेवायला सांगितलं होतं. पाठ झाली की सांगा, एवढीच अट. थोडी मोठी मुलं ‘झाली’ म्हणाली तेव्हा खरोखर झालेली असे. अगदी लहान मुलं खुशाल ‘झाली’ म्हणत आणि मधली चित्रं विसरत. ती खोटं बोलत नव्हती. पाठ होणं म्हणजे आतून कसं वाटतं हेच त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. ही जाण वयाबरोबर वाढते आणि सरावानंही वाढते. म्हणून प्राथमिक शाळेची वर्षं त्यासाठी महत्त्वाची. ज्या मुलाला आपल्याला भागाकार कुठं अडतो हे सांगता येतं, त्याला मदत करणं सोपं असतं. ‘मला गणित येत नाही’ एवढंच ज्याला म्हणता येतं, त्याचं काय करायचं?

पाऊस मोजण्याच्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. एके दिवशी वाऱ्यानं एका गटाची बाटली पडली. त्या दिवशीचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला आणि शेजारी लिहिलं, ‘बाटली पडली.’ दुसऱ्या एका गटाचीही पडली होती, हे नंतर कळलं. त्यांनी शेजारच्या गटाचं बघून १८ लिहून टाकलं होतं. वहीत मोकळा रकाना वाईट दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर संपूर्ण प्रकल्पातला सगळ्यांत मोठा धडा तो मोकळा रकाना होता. पण आपल्या तपासणीत मोकळ्या रकान्याला गुण जातात आणि भरलेल्याला मिळतात. मग मुलानं काय शिकावं? वर्गात यावर बोलणं झालं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तलाठ्याची बाटली पडली तर?’ प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. शेतीच्या नुकसानीच्या मदतीसाठी आपल्याकडे महसूल मंडळातला पाऊस पाहतात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर ती अतिवृष्टी धरतात. आपल्या गावात भात आडवा झालेला आणि मंडळाच्या ठिकाणचा आकडा ५० चा, असं असलं तर काय होतं हे शेतकऱ्याच्या लेकरांना शिकवावं लागत नाही. पाऊस मोजायला शिकलेल्या मुलांनी त्या आठवड्यात घरी जाऊन वडिलांशी आकड्यांवरून वाद घातल्याचं पालकांनी मला सांगितलं. पहिल्यांदाच त्यांच्या पोरांचा गृहपाठ त्यांच्या कामाचा निघाला होता.

त्याच हिशेबातून मुलांनी शाळेच्या पत्र्याचं पाणीही मोजलं. वर्गाची लांबी आठ मीटर, रुंदी सहा. म्हणजे ४८ चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस पडला की पत्र्यावरून ९६० लिटर पाणी वाहून जातं. एका दिवसात, एका वर्गाच्या छपरावरून. आणि मार्च-एप्रिलमध्ये हीच मुलं घरून बाटल्या भरून आणत. एकानं लिहिलं होतं, ‘आपण टाकी छपराखाली ठेवायला पाहिजे होती, नळाखाली नाही.’ यावर मी काय बोलणार?

गटात काम करायचं म्हटलं की एक अडचण नेहमीची. चारपैकी एक हुशार मूल सगळं करतं, एक चित्र काढतं, उरलेली दोन डिंकाची बाटली सांभाळतात. वही मात्र सगळ्यांची सारखी देखणी. शेवटच्या पानावर स्वतःपुरतं लिहायला लावलं की हे उघडं पडतं. ‘मी बाटली धरून उभा होतो,’ असं एकानं लिहिलं होतं, आणि त्याखाली, ‘आकडा मला वाचता येत नव्हता.’ मिलिमीटरच्या बारीक रेषा त्याला कळत नव्हत्या, हे वर्षभरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या एका ओळीनं आलं. दुसऱ्या दिवसापासून आकडा वाचायचं काम त्याच्याकडे आणि बाटली धरायचं काम गटातल्या हुशार मुलीकडे. ती फार नाखूश होती.

लिहिणं हीच काहींची अडचण असते. चौथीतही पुष्कळ मुलांना मनातलं कागदावर उतरवता येत नाही. त्यांनी बोलावं आणि बाईंनी लिहून घ्यावं. फक्त त्यांच्याच शब्दांत. मूल म्हणालं ‘पान्याचा जोर व्हता’, तर तसंच लिहायचं, ‘पर्जन्यमान अधिक होते’ असं सुधारून नव्हे. शुद्धलेखनाचा तास वेगळा आहे. या पानावर लाल शाई चालवली की पुढच्या वेळी मूल पुन्हा ‘ज्ञानात भर पडली’ कडे वळतं, कारण त्या वाक्यात चूक काढता येत नाही.

शहरातल्या पालकांची तक्रार मला ऐकू येते. तुम्ही म्हणता ते ठीक, पण आमच्या शाळेत उद्या सकाळी प्रकल्प द्यायचा असतो आणि हे पोर रात्री नऊला सांगतं. त्यातून इतरांचे प्रकल्प दुकानातून आलेले, चकचकीत. आमच्या मुलाचा वेडावाकडा दिसला तर ते हिरमुसतं. ही तक्रार खरी आहे आणि तिचं मूळ पालकांत कमी, शाळेत जास्त आहे. ज्या शाळेत प्रदर्शनाच्या टेबलावर देखणेपणाला बक्षीस मिळतं तिथं दुकानदारच जिंकणार. ज्याच्या घरी रंगीत छपाईला पैसे नाहीत ते मूल तिसरीतच हरतं. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे. प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेतच व्हावा. घरी न्यायचा तो प्रश्न न्यावा. आजीला विचार, तुझ्या लहानपणी पावसाळा कधी सुरू व्हायचा. भाजीवाल्या मावशीला विचार, कोथिंबीर आज महाग का. याला कार्डशीट लागत नाही.

पालकांनी अगदी काही करू नये असंही नाही. मूल काम करत असताना शेजारी बसावं, कात्री जपून धरायला सांगावी आणि ‘असं का केलंस?’ एवढं विचारावं. उत्तर चुकीचं आलं तरी लगेच दुरुस्त करू नये. ८४ चा आकडा चार दिवस चुकीचाच होता आणि तेच चार दिवस वर्ग शिकत होता.

आता हा विषय आणखी निकडीचा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रगतिपत्रक सर्वांगीण असावं, त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि वर्गमित्रांचंही मूल्यमापन असावं असं म्हटलं आहे. त्यानुसार तयार झालेल्या प्रगतिपत्रकांच्या नमुन्यांत मुलानं स्वतःबद्दल सांगायची जागा आहे. म्हणजे ते शेवटचं पान आता थेट निकालपत्रात येऊ घातलं आहे. मला याचा आनंदही आहे आणि धास्तीही. हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा यांपैकी एकावर खूण करायची असेल तर मुलं कशावर करतील हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय निकालपत्रावर आपल्याच विरुद्ध कोण साक्ष देईल? मोठी माणसं कचेरीत स्वमूल्यमापनाचे तक्ते कसे भरतात ते आठवा. मुलानं ‘मला अजून हे कळलं नाही’ असं खरं लिहिलं तर त्याचा गुण कापला जाणार नाही, एवढी हमी शिक्षकानं वर्गात तोंडानं द्यायला हवी आणि वर्षभर पाळायला हवी. पहिल्या सत्रात मुलं विश्वास ठेवत नाहीत. दुसऱ्या सत्रात एखादं धीट मूल लिहून पाहतं. त्याचं काय होतं यावर बाकीच्यांचं लक्ष असतं.

पाऊस मोजणाऱ्या मुलांच्या वह्यांत मी एक ओळ वाढवली होती. ‘अजून काय कळलं नाही?’ सुरुवातीला बहुतेकांनी ‘सर्व कळले’ लिहिलं. ऑगस्टअखेरीस त्या रकान्यात जे आलं त्यातलं थोडं वाचून दाखवते. धुकं बाटलीत पडतं का? गारा पडल्या तर त्या वितळेपर्यंत थांबायचं का? वारा तिरका असला तर थेंब बाटलीच्या बाहेर जातात, मग खरा पाऊस किती? रविवारी शाळा बंद असते, मग सोमवारी दोन दिवसांचा एकत्र पाऊस येतो, तो निम्मा-निम्मा वाटायचा का?

गारांचं उत्तर सोपं आहे, वितळू द्यायच्या आणि मग मोजायचं. वाऱ्याचा प्रश्न हवामानशास्त्रज्ञांनाही सतावतो, वाऱ्यामुळे पर्जन्यमापकात पाऊस थोडा कमीच भरतो. रविवारच्या प्रश्नावर वर्गात मतं घेतली. निम्मा-निम्मा वाटायला सगळे तयार होते. फक्त वाऱ्यानं बाटली पडली होती त्या गटाचं म्हणणं पडलं की सोमवारी ‘दोन दिवसांचा’ असं लिहावं आणि रविवारचा रकाना मोकळा ठेवावा. मग शाळेच्या शेजारी राहणारी एक मुलगी म्हणाली, रविवारी मीच येऊन मोजत जाईन. दसऱ्यापर्यंत ती येत होती.